वेत न कापता: आजोबांच्या खुर्चीच्या दुरुस्तीच्या नोंदी

४ एप्रिल

दिवाळीला आत्या बार्शीहून आली होती, तेव्हा आजोबांच्या खुर्चीत बसली आणि दोन मिनिटांत उठून खाली सतरंजीवर जाऊन टेकली. बोलली काही नाही. खुर्ची कुरकुरते, पुढचा उजवा पाय बाहेर सरकतो, हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण कॉलेजची प्रॅक्टिकलं आणि पेपर तपासणी यांत मार्च संपला. मेच्या सुरुवातीला आत्या परत येते आहे. तोवर तिला निर्धास्त बसता येईल अशी खुर्ची झाली पाहिजे.

आज खुर्ची एका जुन्या चादरीवर उलटी ठेवली आणि एकेक सांधा दोन्ही हातांनी धरून हलवला. जो हलला त्यावर खडूची फुली. फुल्या पडल्या त्या अशा: बैठकीची पुढची पट्टी उजव्या पायात शिरते तो सांधा (सगळ्यात वाईट, साधारण एक मिलिमीटर खेळ), पायांमधल्या खालच्या आडव्या दांडीची दोन्ही टोकं, आणि उजवा हात पाठीला मिळतो ती जागा. शिवाय मागच्या डाव्या पायाला उभी चीर आहे, जवळजवळ एक वीत लांब.

साग उत्तम आहे. कीड नाही, भुंगा नाही. अडचण आहे ती वेताची. बैठकीच्या चारही पट्ट्यांना ओळीने भोकं आहेत आणि वेत त्यांतून ओवून ताणलेला आहे. दोनच वर्षांपूर्वी तो नवा विणून घेतला. पुढचा सांधा रीतसर उघडायचा म्हणजे हा वेत कापायचा. ते मला करायचं नाही. म्हणजे सांधा जागेवर ठेवून फेविकॉल आत पोचवायचं. हात जात नाही, ब्रश जात नाही, आत काय आहे ते दिसत नाही.

५ एप्रिल

आत आधी काय लावलंय, हे कळल्याशिवाय वर नवं काही घालायचं नाही असं ठरवलं. फटीतून टाचणीने थोडी खरवड काढली आणि दोन बशांत ठेवून कोमट पाण्याचे थेंब टाकले. वीस मिनिटांनी पाहिलं.

हाताच्या सांध्यातली खरवड मधासारख्या रंगाची, काचेसारखी तडकणारी. पाण्यात ती चिकट झाली, बोटांत तार सुटली. हा सरस. जनावरांच्या कातड्यापासून, हाडांपासून काढलेला जुना डिंक. फेविकॉल बाजारात आलं १९५९ साली. खुर्ची त्याच्या आधीची, असं घरात सगळे सांगतात, आणि सरसाने त्याला दुजोराच दिला.

पुढच्या सांध्यातली खरवड मात्र पाण्यात पांढरट आणि रबरासारखी झाली. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी इथे फेविकॉल घातलं होतं. वाळलेल्या फेविकॉलवर नवं फेविकॉल नीट धरत नाही. ते लाकडात मुरावं लागतं, आणि जुन्या थरामुळे लाकडाची तोंडं बंद झालेली असतात. सरसाचं तसं नाही. गरम नवा सरस जुन्या सरसाला ओलावून त्याच्यात मिसळतो. एकाच खुर्चीत दोन वेगळे रोग आहेत.

याच सांध्यात खालून एक खिळाही ठोकलेला होता. तो पकडीने हळूहळू काढला. खिळ्यामुळे पट्टीचं टोक, म्हणजे मिस्त्री ज्याला कुसू म्हणतात तो भाग, थोडा तडकलाय. हलणाऱ्या सांध्यात खिळा मारला की काही महिने बरे जातात. मग पट्टी त्या खिळ्याभोवतीच हलायला लागते आणि आतलं भोक मोठं होत जातं.

८ एप्रिल

सुयांची खटपट. औषधाच्या दुकानातून दहा मिलिलिटरची सिरिंज आणि १८ नंबरची, गुलाबी बुडाची सुई आणली. फेविकॉल भरलं, अंगठा दुखेस्तोवर दाबलं, टोकाशी एक थेंब. मग दोन मिलिलिटरची सिरिंज लावून पाहिली आणि तेच फेविकॉल त्याच सुईतून सरळ निघालं. वर्गात दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे दर वर्षी शिकवते. अंगठ्याचं बल तेवढंच राहतं, दट्ट्या बारीक झाला की दाब वाढतो. मोठ्या सिरिंजमध्ये माल जास्त मावतो, पण दाटसर डिंकाला लहानच हवी.

जनावरांच्या औषधांच्या दुकानात याहून जाड, १६ नंबरची सुई मिळाली. मोठ्या फटींना ती ठेवली. सगळ्या सुयांची टोकं कानशीने सपाट घासली. धारदार टोक लाकडात रुततं आणि तोंड बुजतं, शिवाय बोटात शिरण्याचा धोका. काम थांबलं की सुई पाण्याच्या वाटीत उभी ठेवायची आणि नळीत बारीक तार सरकवून ठेवायची, नाहीतर इथल्या उन्हाळ्यात थोड्या वेळातच ती कायमची बंद होते.

११ एप्रिल

आज मिस्त्रींकडे गेले. दुकान बंद करायची वेळ होती, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "मला एक नकली सांधा करून द्या, मुद्दाम ढिला. आत फेविकॉल घालून दुसऱ्या दिवशी कापून बघायचाय." त्यांनी सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून दोन सांधे करून दिले, पैसे घेतले नाहीत. "ताई, कापून झालं की मला पण दाखवा," म्हणाले.

पहिल्या सांध्यात सगळे करतात तेच केलं. खालून दोन मिलिमीटरचं भोक पाडलं, खाचेच्या (म्हणजे कुसू जिच्यात बसतं त्या पोकळीच्या) तळापर्यंत. सुई खुपसली आणि बाहेर फेविकॉल दिसेपर्यंत दाबत राहिले. जवळजवळ दीड मिलिलिटर गेलं. समाधान वाटलं होतं.

१२ एप्रिल

सांधा करवतीने उभा चिरला. खाचेचा तळ आणि कुसवाचं टोक यांच्यामधली पोकळी फेविकॉलने गच्च भरली होती, मध्ये अजून ओला पांढरा गोळा. आणि कुसवाच्या दोन्ही बाजू, जिथे खरी पकड लागते तिथे, बहुतेक कोरड्या. एका बाजूला फक्त नखाएवढा डाग.

हे पाहिलं नसतं तर माझ्या खुर्चीतही मी पोकळीच भरून बसले असते. कुसवाचं टोक म्हणजे लाकडाच्या धाग्यांची कापलेली तोंडं. ती डिंक पिऊन टाकतात आणि त्या बदल्यात पकड फारशी देत नाहीत. सांध्याचं बळ कुसवाच्या सपाट गालांवर असतं. फेविकॉल हा लाकडाला लाकूड भिडवणारा पातळ थर आहे, पोकळी भरायचा माल नाही. त्यातलं पाणी लाकडात आणि हवेत गेलं की ते आक्रसतं, आणि जाड गोळा तर आतून कितीतरी दिवस ओलाच राहतो.

दुसरी गोष्ट हवेची. बंद खाचेत एकाच भोकातून डिंक ढकलला तर आतली हवा जाणार कुठे? तीच समोर उभी राहते. आत शिरायला एक आणि हवा निघायला एक, अशी दोन भोकं हवीत.

दुसऱ्या सांध्याला भोकं वेगळी पाडली. तळाशी नाही, तर दोन्ही गालांच्या मधोमध पोचतील अशी, तिरपी, गिरमिटाने हातानेच, कुसवाला टेकलं की थांबायचं. हवेसाठी तिसरं भोक तळाशी. फेविकॉल किंचित पातळ केलं: दहा भागांना एक भाग पाणी, त्याहून जास्त नाही. थोडं दाबायचं, सांधा पुढेमागे हलवायचा, परत थोडं दाबायचं. सांधा हलला की फट एका बाजूला उघडते, दुसऱ्या बाजूला मिटते, आणि डिंक आपोआप ओढला जातो, हातपंपासारखा. हेच मला सगळ्यात मोलाचं वाटलं: सांध्यात जो खेळ आहे तोच डिंक पसरवायला वापरायचा.

१३ एप्रिल

कापला. दोन्ही गाल जवळजवळ पूर्ण माखलेले, थर कागदासारखा पातळ. मिस्त्रींना दोन्ही तुकडे दाखवले. त्यांनी पहिला तुकडा बराच वेळ हातात फिरवला आणि तो दुकानातल्या फळीवर ठेवून घेतला.

१४ एप्रिल

इथे सोलापुरात कन्ना चौकाजवळ राहणारे एक अण्णा आमच्या ओळखीचे आहेत, पूर्वी यंत्रमागावर होते. त्यांच्याकडे मी काहीतरी पातळ, लांब, न वाकणारं पातं मागायला गेले होते. चाकू जाड पडतो, पत्त्यांचा पत्ता ओला होऊन मऊ पडतो, ब्लेड तुटतं. अण्णांनी माळ्यावरून मोडकी फणी काढून दिली. मागावर जिच्या दातांमधून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे जातात ती फणी. तिच्यात पोलादाच्या चपट्या, गुळगुळीत, बारीक काड्या एकीशेजारी एक शेकड्यांनी बसवलेल्या असतात. धागा घासून तुटू नये म्हणून त्यांच्या कडा गोल केलेल्या. मला हवं होतं नेमकं तेच. पंधरा-वीस काड्या सुट्या करून घेतल्या.

फटीत काडी सरकवली तर चोवीस मिलिमीटर आत गेली आणि टेकली. म्हणजे खाच किती खोल आहे तेही कळलं. एका काडीचं टोक दगडावर घासून छोट्या पटाशीसारखं केलं, खरवडायला. दुसरीच्या टोकाला थोडा बाक दिला. अण्णा म्हणाले, "अक्का, ही फणी घरात पडून होती, चांगल्या कामाला लागली." सोलापुरात अशी मोडकी फणी अजून पुष्कळ घरांत निघेल, बारीक फटींचं काम करणाऱ्याने ती जरूर मागून घ्यावी.

१५ ते १७ एप्रिल

पुढचा सांधा साफ करण्यात तीन संध्याकाळी गेल्या. व्हिनेगर कोमट करून सुईने आत सोडलं. त्यातल्या आम्लाने वाळलेलं फेविकॉल मऊ पडतं. अर्ध्या तासाने काडीने खरवडलं, पांढरे पापुद्रे निघाले. मग कोमट पाणी सोडून धुतलं, मग फुटबॉलमध्ये हवा भरायच्या पंपाची सुई लावून फुंकलं. हे तीनदा.

स्पिरिट वापरायचा मोह झाला होता, ते लवकर उडून जातं म्हणून. पण खुर्चीचं पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं आहे आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, एक ओघळ म्हणजे एक कायमचा पट्टा. कोमट पाण्याचे डागही चपड्यावर पांढरे उठतात, म्हणून सांध्याभोवती मेण चोळून ठेवलं. मेण बाहेरच राहिलं पाहिजे. आत गेलं तर तिथे कुठलाच डिंक धरणार नाही.

आता वाळायला दोन दिवस. बाहेर चाळीस अंशांच्या वर आहे आणि हवा कोरडी ठणठणीत. अशा हवेत लाकूड आक्रसतं, फटी रुंदावतात. चीर भरायला हा मोसम चांगला.

१९ एप्रिल

मागच्या पायाची चीर. आधी तपासलं की ती आरपार आहे का. एका बाजूला साबणाचं पाणी लावलं आणि दुसऱ्या बाजूने पंपाने फुंकलं. वरच्या अर्ध्या भागात बुडबुडे आले, खालच्या भागात नाहीत. म्हणजे वर आरपार, खाली आंधळी. दोन्हींना दोन वेगळे उपाय लागले.

आरपार भागासाठी मुलाला हाताशी घेतलं. पाय आडवा ठेवून चिरेच्या वरच्या तोंडावर फेविकॉलची रेघ ओढली, आणि खालच्या बाजूने त्याने व्हॅक्युम क्लीनरची नळी धरली. तिच्या तोंडावर पातळ सुती फडकं बांधलं होतं, म्हणजे डिंक यंत्रात जाऊ नये. वरची पांढरी रेघ आत ओढली जाताना डोळ्यांना दिसते. तीनदा भरून घेतली, खालच्या बाजूला थेंब उमटले तेव्हा थांबवलं.

आंधळ्या भागात ओढायला पलीकडे काहीच नाही. तिथे फणीच्या दोन काड्या पाचरीसारख्या अलगद सरकवून चीर किंचित उघडली, आणि पॉलिएस्टरचा शिवणाचा धागा फेविकॉलमध्ये बुडवून चिरेत करवतीसारखा पुढेमागे ओढत खाली नेला. सुती धागा घेतला नाही, तो ओला होऊन फुगतो, अडकतो आणि तंतू सोडतो. धागा तळाला टेकला की तसाच वर ओढून काढायचा, परत बुडवायचा. सात-आठ फेऱ्यांनंतर काड्या काढल्या, अंगठ्याने चीर दाबली-सोडली, दाबली-सोडली. प्रत्येक दाबाला कडेने बुडबुडे येत होते. बुडबुडे थांबून नुसता डिंक यायला लागला, तेव्हा हवा संपली असं धरलं.

वरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या. गोल, तिरपा, निमुळता कसाही पाय असो, ट्यूब सगळीकडून सारखी दाबते. लोखंडी शिकंजा इथे एका ठिकाणी दाबून खड्डा पाडेल. त्याआधी पायाला पातळ प्लास्टिक, नाहीतर रबरच चिकटून बसायचं.

२० एप्रिल

ट्यूब सोडली. चीर केसाएवढी रेघ होऊन मिटली आहे. नखाला लागत नाही.

त्याच दमात पुढचा सांधा घेतला. नकली सांध्यावर जे जमलं होतं तेच सगळं: गालांवर दोन भोकं, हवेचं एक, दोन मिलिलिटरची सिरिंज, हलवत हलवत भरणं. दोन्ही पायांना दोरीचा फेरा देऊन मध्ये काठी घालून पीळ दिला. दोरी टेकते तिथे चादरीच्या घड्या.

२१ एप्रिल

संध्याकाळी दोरी सोडली. खुर्ची सरळ केली, हात टेकून भार दिला. कट्.

पुन्हा दिला. कट्.

सांधा धरलेला नाही. एका बाजूने धरलाय, दुसरी सुटीच आहे. आज पुढे काही लिहवत नाही.

२२ एप्रिल

काय चुकलं ते शोधलं. टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन फटीत पाहिलं. वरचा गाल साफ झाला होता. खालच्या गालावर, सगळ्यात आतल्या कोपऱ्यात, जुन्या फेविकॉलचा थर तसाच होता. माझी काडी तिथवर वळतच नव्हती. नव्या डिंकाला वाट होती, तो तिथे पोचलाही, पण त्याला लाकूड भेटलं नाही.

नकली सांध्यात लाकूड कोरं होतं. तिथे प्रश्न फक्त पोचण्याचा होता आणि तो मी सोडवला. खऱ्या सांध्यात पोचणं हे अर्धंच काम. सुई जिथे जाते तिथे खरवडणीही गेली पाहिजे, आणि ती गेली नव्हती. साफ करताना तीन संध्याकाळी घालवल्या म्हणून साफ झालं, असं मी गृहीत धरलं होतं.

मिस्त्री घरी येऊन बघून गेले. त्यांचं म्हणणं स्पष्ट: "ताई, वेत काढा. सांधा उघडा. तासाभराचं काम आहे." तत्त्वाने त्यांचंच बरोबर आहे, आणि वेत जुना असता तर मी त्याच क्षणी कापला असता. जो सांधा उघडता येतो तो सुईने दुरुस्त करू नये.

चहा घेताना त्यांनी वेत विणण्याबद्दल सहज सांगितलं की तो भिजवूनच विणतात, वाळताना तो स्वतःच ताणून बसतो, म्हणून बैठक टणक होते. मी विचारलं, मग आता भिजवला तर सैल पडेल? ते थांबले. "पडेल की. पण किती?" मला चार-पाच मिलिमीटर पुरे होते.

२४ एप्रिल

पहाटे पाच वाजता सुरुवात केली, ऊन चढायच्या आत. दुपारी फेविकॉलवर बघता बघता साय धरते, पहाटे बराच अवधी मिळतो. पंखा बंद.

रात्री खुर्ची उलटी करून वेताच्या पुढच्या अर्ध्या भागावर खालच्या बाजूने ओली फडकी ठेवली होती. वेताचा वरचा चेहरा तुकतुकीत असतो, पाणी शोषत नाही. खालची बाजू शोषते. पट्ट्या आणि सांधे प्लास्टिकने झाकले होते, कारण ओल्या लाकडाला फेविकॉल नको. नळाला पाणी चार दिवसांनी आलं होतं, तरी या कामाला बादलीभर ठेवलं. सकाळी बैठक बोटाने दाबली तर चक्क खाली जात होती.

पायांमधली खालची दांडी आधीच सुटी होती, ती पूर्ण काढली. मग पुढच्या दोन्ही पायांच्या मध्ये, पुढच्या पट्टीच्या अगदी जवळ, लाकडाचे दोन चपटे तुकडे टोकाला टोक ठेवले आणि त्यांच्यामध्ये पाचर हळूहळू सारली. एक, दोन, तीन मिलिमीटर. वेत कुरकुरला. थांबले, पुन्हा फडकं लावलं, दहा मिनिटं थांबले. साडेचार मिलिमीटरला कुसवाचं खालचं अंग दिसलं. जुन्या फेविकॉलचा पिवळट पापुद्रा, आणि त्यावर माझा परवाचा पांढरा थर.

कोमट व्हिनेगर, वाकवलेली काडी, आरसा, टॉर्च. पाऊण तास. शेवटी काडीच्या टोकाला पापुद्रा न लागता लाकडाचा कोरडा खरखरीत स्पर्श लागला. तो कळतो, हाताला वेगळाच जाणवतो. मग व्हिनेगर कोमट पाण्याने धुऊन काढलं, पंपाने फुंकलं, केस वाळवायच्या यंत्राने लांबून गरम हवा दिली, आणि तास-दीड तास नुसतं थांबले. वेत मात्र फडक्याने ओलसर ठेवला.

पावणेआठला फेविकॉल. सुईने दोन्ही गालांवर, फणीच्या काडीने आतल्या कोपऱ्यापर्यंत पसरलं, खाचेच्या भिंतींनाही. तळाच्या पोकळीत मुद्दाम काही सोडलं नाही. बंद खाचेत डिंक जास्त झाला आणि वरून जोरात आवळलं तर त्याला जायला जागा राहत नाही, आणि तो दाब पाय चिरू शकतो. हवेचं भोक उघडंच होतं. पाचर काढली, दोरीचा पीळ एकेक फेरा देत आवळला. प्रत्येक फेऱ्याला कडेने पांढऱ्या मण्यांची रांग उमटली, चारही बाजूंनी. परवा ती तीनच बाजूंना आली होती, आणि ती खूण मी नीट वाचली नव्हती. कडेला कुठे मणी येत नाहीत ते बघायला हवं होतं.

ओलं फडकं फिरवून मणी पुसले. बैठक तिरकी झाली नाही ना, हे बघायला तिचे दोन्ही कर्ण मोजले. तीन मिलिमीटरचा फरक होता, दोरी थोडी तिरपी घेऊन तो एकावर आणला. मग खुर्ची शहाबादी फरशीवर उभी केली. चारही पाय टेकले.

२५ एप्रिल

दोरी सोडली. वेत वाळून पुन्हा घट्ट झालाय. टिचकी मारली की ताशासारखा आवाज. तोच आता पायाला आत ओढून धरतो आहे. भार अजून देणार नाही, तीन दिवस थांबायचं.

२७ एप्रिल

खालची दांडी. पूर्ण निघाली होती त्यामुळे सोपं. टोकं खरवडली, एका टोकाला खेळ जास्त होता म्हणून रंध्याची पातळ ढलपी गुंडाळून बसवली. दांडी जाण्यापुरते पाय ताणताना नवा सांधा हलला नाही. बरं वाटलं.

२८ एप्रिल

हाताचा सांधा. इथे जुना सरस आहे, म्हणून सरसच. मिस्त्रींनी मूठभर दाणे दिले होते. रात्री थंड पाण्यात भिजवले, सकाळी फुगून जेलीसारखे झाले. डबा पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवला, थर्मामीटर लावून साठ अंशांच्या आसपास. उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याचं बळ जातं. घरात मांसाहार नाही आणि सरस कशाचा होतो हे आईला ठाऊक आहे. म्हणून हे सगळं अंगणात, वेगळ्या शेगडीवर, टाकून द्यायच्या डब्यात केलं. तिने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "बाबांच्या वेळी हाच लावला असेल ना. लाव."

सुई आणि सिरिंज गरम पाण्यात ठेवून गरम केली, नाहीतर सरस नळीतच गोठतो. सांध्यावर आधी गरम हवा दिली, मग कोमट पाण्याचे दोन-तीन थेंब, मग सरस. इथे भोक पाडायची गरज पडली नाही, गरम पातळ सरस फटीत स्वतःहून शिरला. जुन्याशी तो लगेच एक होतो. वर ट्यूबची पट्टी.

आराल्डाइट घाल, असं एक-दोघांनी सुचवलं होतं. ते पोकळी भरतं, घट्टही होतं. पण या सांध्याला पन्नास वर्षांनी कुणी हात लावला तर त्याला तो पाण्याने आणि उष्णतेने उघडता यायला हवा. आराल्डाइट तसं सुटत नाही, त्याच्याबरोबर लाकूडच तुटतं.

२ मे

मऊ पेन्सिलीने बैठकीच्या मागच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, दिसणार नाही अशा जागी, लिहून ठेवलं: पुढचा उजवा सांधा आणि मागच्या पायाची चीर – फेविकॉल; उजवा हात – सरस; भोकं खालून तीन, सागाच्या काड्यांनी बुजवलेली; वेत भिजवला तर सांधा साडेचार मिलिमीटर उघडतो.

संध्याकाळी मी बसले, मग मुलगा. आवाज नाही.

६ मे

आत्या दुपारी आली. पाणी प्यायली आणि सवयीने सतरंजीकडे वळली. आईने तिला खुर्ची दाखवली. आत्या आधी हाताने दाबून बघून मग बसली, हळूहळू मागे टेकली. "अगं, ही बोलायची बंद झाली की," म्हणाली. जेवण होईपर्यंत तिथेच होती.

१८ जुलै

पावसाच्या हवेत तपासणी. पुढचा सांधा पक्का. चिरेची रेघ आता शोधावी लागते. हाताजवळ सरसाचा एक बारीक ओघळ राहून गेला होता, तो दमट हवेत चिकट झाला होता, ओल्या फडक्याने पुसला.

पुढच्या डाव्या सांध्यात काडी घालून पाहिली. एप्रिलमध्ये तिथे फुली नव्हती. आज काडीचं टोक दोन मिलिमीटर आत गेलं. हलत नाही अजून. खडूने तारीख घातली आहे. मार्चमध्ये, वेत कोरडा असताना, पुन्हा बघेन.